‘इमेज ओळखता येत नाही’ म्हणजे नेमकं काय झालंय?

प्रश्न परभणीहून आलाय. थोडक्यात असा: शेतकरी उत्पादक कंपनीसाठी एक अ‍ॅप बनवलंय. सभासद शेतातून सोयाबीन-कापसाच्या नुकसानीचे फोटो पाठवतात, रात्री पायथनचा एक जॉब ते उघडतो, लहान करतो आणि गावनिहाय पीडीएफ तयार करतो. मध्येच एखादी फाइल अशी येते की पिलो ही फोटो हाताळणारी पायथनची लायब्ररी ‘कॅनॉट आयडेंटिफाय इमेज फाइल’ म्हणून हात वर करते आणि जॉब तिथंच बसतो. म्हणून ट्राय-एक्सेप्ट (चूक पकडायची रचना) लावलं आणि एक्सेप्टमध्ये पास, म्हणजे ‘काही न करता पुढं जा’, लिहिलं. आता जॉब पूर्ण होतो, पण ‘मी तर फोटो टाकलाय की, तुमच्या यादीत कसा नाही?’ असे फोन सुरू झालेत. मग बिघडलेलं किंवा न चालणारं हेडर (फाइलच्या सुरुवातीचा, प्रकार आणि मापं सांगणारा भाग) सांभाळायची नीट पद्धत कोणती?

आधी तो पास काढा. जॉब बंद पडत होता तेव्हा निदान सकाळी कुणाला तरी कळत होतं. आता कुणालाच कळत नाही. तुमच्या बाबतीत हेडरचा प्रश्न कोडचा कमी आणि निरोपाचा जास्त आहे. प्रत्येक खराब फाइलला एक कारण चिकटलं पाहिजे, आणि ज्याच्या हातात काही करणं आहे त्याच्यापर्यंत ते कारण वेळेत पोचलं पाहिजे. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी मराठवाड्यातल्या कुणाला आठवण करून द्यायला नको. शेतात पाणी उभं असतानाचा फोटो पाणी ओसरल्यावर परत काढता येत नाही. तुमचा रात्रीचा जॉब फोटो खराब असल्याचं शोधून काढेल तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असेल.

आता कामाला लागू. पहिलं काम कोड लिहिण्याचं नाही, बघण्याचं आहे. गेल्या महिन्यातल्या ज्या फाइल उघडल्या नाहीत त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये घ्या आणि प्रत्येकीचे पहिले ३२ बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, छापा. लिनक्सवर एक्सएक्सडी किंवा हेक्सडम्प आहेच. ‘खराब फाइल’ नावाची एकच गोष्ट नसते, हे पाच मिनिटांत दिसेल.

काही फाइल शून्य बाइटच्या असतील. त्याचं एक ठरलेलं कारण अँड्रॉइडमध्ये आहे: कॅमेरा उघडण्याआधी अ‍ॅप एक तात्पुरती रिकामी फाइल तयार करतं आणि तिचा पत्ता कॅमेऱ्याला देतं. माणसानं फोटो न काढता मागे यायचं बटण दाबलं की ती रिकामी फाइल तशीच पडून राहते, आणि अ‍ॅप निकाल न तपासता तीच अपलोड करतं. इथं नेटवर्कचा काही दोष नाही. काही फाइलींचा आकार अगदी व्यवस्थित, दीड-दोन एमबी, पण आत नुसती शून्यं. जागा राखून झाली, मजकूर लिहायचा राहिला आणि मध्येच फोन बंद पडला, असं तिथं घडलेलं असतं.

काहींची सुरुवात ‘<’ या चिन्हानं होईल. ते एचटीएमएलचं पान आहे. लॉगिन संपलं होतं किंवा मधल्या कुठल्या तरी सर्व्हरनं ‘एरर ५०२’चं पान दिलं आणि कुणीतरी ते जेपीजी नावानं साठवलं. ‘{’ दिसलं तर जेसनमधला, म्हणजे सर्व्हरनं मजकुरात पाठवलेला, एरर. ‘%पीडीएफ’ दिसलं तर बहुधा सातबारा. फोटोच्या रकान्यात उतारा जोडणारे लोक भरपूर आहेत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या पानावर काय जोडायचं ते नीट लिहिलेलं नसतं.

मग एक खास जात: सुरुवातीला ‘ईएफ बीएफ बीडी’ हे तीन बाइट पुन्हा पुन्हा. हे दिसलं की समजा, कुणीतरी फोटोचे बाइट मजकूर म्हणून वाचले आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत परत लिहिले. मजकुरात न बसणारा प्रत्येक बाइट त्या प्रवासात बदली चिन्हात गेला. वेगवेगळे बाइट एकाच चिन्हात कोसळल्यामुळे ही फाइल कोणत्याही उपायानं परत येत नाही. अशा फाइल दुरुस्त करत बसू नका, अ‍ॅपमध्ये बाइटची स्ट्रिंग कुठं होते ती ओळ शोधा. त्याची सौम्य बहीण म्हणजे बेस६४, बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत: फाइल ‘डेटा:इमेज’ अशा शब्दांनी किंवा ‘/९जे/’ या चार अक्षरांनी सुरू होते. ती जेपेगच आहे, फक्त उलगडायची राहिली. ती पूर्ण वाचते.

उरलेल्यांत बऱ्याच फाइल धडधाकट असतात. तुमच्या लायब्ररीला त्या येत नाहीत, एवढंच. आयफोननं २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो हाइक प्रकारात साठवायला सुरुवात केली. पिलो स्वतःहून हाइक उघडत नाही, त्यासाठी पिलो-हाइफ हे वेगळं प्लगइन लागतं. मुलगा पुण्याहून आयफोन घेऊन गावी आला, वडिलांच्या शेताचा फोटो काढला, कुणीतरी नाव बदलून जेपीजी केलं, आणि तुमच्या लॉगमध्ये ती ‘करप्ट’ म्हणून नोंदली गेली. ती करप्ट नाही. तिला करप्ट म्हणणं म्हणजे त्या माणसाला तोच फोटो त्याच फोनमधून पुन्हा पाठवायला लावणं, आणि पुन्हा नाकारणं.

एवढं बघून झालं की ओळखण्याचा नियम सोपा होतो: नावामागचं एक्स्टेन्शन आणि ब्राउझरनं पाठवलेला कंटेंट-टाइप हे दोन्ही दावे आहेत. पुरावा म्हणजे पहिले बाइट.

जेपेग ‘एफएफ डी८ एफएफ’नं सुरू होतं. एवढंच तपासा, पुढं जाऊ नका. चौथ्या बाइटला ‘ई०’ आणि नंतर ‘जेएफआयएफ’ असलंच पाहिजे असं धरणारा कोड मी अजूनही पाहतो. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये तिथं ‘ई१’ आणि ‘एक्झिफ’ (फोटोची वेळ, जीपीएस असली माहिती) असतं, आणि दोन्ही नसलेली बिनचूक जेपेगही असते. पायथनमध्ये आयएमजीएचडीआर नावाचं जुनं मॉड्यूल याच कामासाठी होतं. ते ३.१३ पासून काढून टाकलंय, त्यामुळे जुन्या ट्यूटोरियलमधून ते उचलू नका.

पीएनजीची सही आठ बाइटची आहे: ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. ही सही ज्यांनी ठरवली त्यांना दाद दिली पाहिजे. पहिला बाइट मुद्दाम सात बिटांच्या बाहेरचा घेतलाय, म्हणजे वाटेत कुणी आठवा बिट कापला तर लगेच कळावं. मग ओळ बदलायची दोन चिन्हं जोडीनं आणि शेवटी त्यातलं एक सुटं, म्हणजे फाइल मजकूर समजून कुणी ओळींचे शेवट बदलले तर सही मोडावी. मधला १ए डॉसमध्ये फाइल छापताना तिथंच थांबवायचा. म्हणून पीएनजीची सही मोडलेली दिसली तर नुसतं ‘चुकली’ म्हणू नका, कशी मोडली ते बघा. ‘०डी ०डी ०ए’ असं दिसलं तर ओळींचे शेवट बदलले गेलेत, ‘८९’च्या जागी ‘ईएफ बीएफ बीडी’ असेल तर वर सांगितलेला मजकुराचा घोळ आहे.

वेबपी ‘आरआयएफएफ’नं सुरू होतं, पण वेव्ह ऑडिओ आणि एव्हीआय व्हिडिओही तसेच सुरू होतात, म्हणून आठ बाइट सोडून पुढचे ‘डब्ल्यूईबीपी’ हे चार बघावेच लागतात. हाइकमध्ये पहिले चार बाइट लांबीचे, मग ‘एफटीवायपी’, मग ब्रँड: ‘एचईआयसी’, ‘एमआयएफ१’ वगैरे. एमपी४ व्हिडिओलाही ‘एफटीवायपी’ असतं, त्यामुळे ब्रँड न बघता निकाल देऊ नका. जीआयएफ म्हणजे ‘जीआयएफ८७ए’ किंवा ‘जीआयएफ८९ए’. बीएमपी आणि टिफ तुमच्याकडे क्वचित येतील, ते ओळखा आणि बाजूला ठेवा.

इथंच बहुतेकांचं काम संपतं आणि खरा घोटाळा इथून सुरू होतो. सही बरोबर म्हणून फाइल बरोबर असं नाही. सातबाऱ्यावर दोन हेक्टर लिहिलंय म्हणून जागेवर दोन हेक्टर भरेलच असं नाही, मोजणी करावी लागते. हेडर हा उतारा आहे, पिक्सेल ही जमीन.

पिलोचं इमेज.ओपन आळशी आहे आणि ते मुद्दाम तसं आहे: ते फक्त हेडर वाचतं. पिक्सेल उलगडायचे ते लोड म्हटल्यावर किंवा तुम्ही रिसाइज-सेव्ह केल्यावर. म्हणजे ओपनभोवती ट्राय लावलंत तर अर्धवट आलेली जेपेग तिथून हसतखेळत पार होते आणि तीन फंक्शन पुढं, पीडीएफ बनवताना फुटते. व्हेरिफाय नावाची पद्धत आहे, पण नावावर जाऊ नका. पीएनजीच्या तुकड्यांचे सीआरसी (बिघाड पकडणारे ताळ्याचे आकडे) ती तपासते, जेपेगसाठी जवळपास काहीच करत नाही. शिवाय व्हेरिफाय झाल्यावर ते ऑब्जेक्ट पुढं वापरता येत नाही, फाइल पुन्हा उघडावी लागते. जेपेगची खात्री करायची असेल तर लोड करूनच बघायचं. महाग आहे, पण तुम्ही ते फोटो लहान करणारच आहात, त्यामुळे ती किंमत नाहीतरी द्यायचीच आहे.

कुणीतरी सांगेल की शेवटचे दोन बाइट ‘एफएफ डी९’ आहेत का बघा, पूर्ण फाइल बिनचूक कळते. तसं कळत नाही. काही फोन जेपेग संपल्यावर त्याच फाइलमध्ये छोटा व्हिडिओ किंवा स्वतःची माहिती चिकटवतात. फोटो उत्तम, शेवट वेगळा. उलट, फाइलमध्ये कुठंही ‘एफएफ डी९’ शोधलंत तर एक्झिफमधल्या छोट्या थंबनेलचा शेवट सापडेल आणि मुख्य फोटो अर्धा असूनही तुम्ही त्याला पास कराल.

अर्धवट फोटोचं काय करायचं? पिलोमध्ये इमेजफाइल.लोड_ट्रंकेटेड_इमेजेस असा एक झेंडा आहे. तो ट्रू केला की लायब्ररी तक्रार न करता जेवढं आलं तेवढं उलगडते, उरलेला भाग करडा किंवा काळा राहतो. इंटरनेटवर या प्रश्नाचं सगळ्यात लोकप्रिय उत्तर हेच आहे आणि तुमच्यासाठी ते सगळ्यात वाईट आहे. एक तर तो झेंडा संपूर्ण प्रोसेससाठी लागू होतो, एका फाइलपुरता नाही. एका थ्रेडनं लावला की बाकीच्यांनाही लागला. दुसरं, नुकसानीच्या फोटोचा खालचा अर्धा भाग करडा असेल तर नेमकं उभं पीक तिथं असतं, वर नुसतं आभाळ. असा फोटो ‘ठीक’ म्हणून अहवालात गेला तर समोरचा अधिकारी तो बाजूला ठेवणार आणि शेतकऱ्याला कारणही कळणार नाही. बातम्यांच्या साइटला थंबनेलपुरतं चालेल. पुरावा म्हणून जाणाऱ्या फोटोला नाही.

आता हेडरमधल्या मापांकडे. जेपेगमध्ये उंची आणि रुंदी दोन-दोन बाइटची, म्हणजे प्रत्येकी जास्तीत जास्त ६५,५३५. फाइल काही केबींची आणि हेडर म्हणतंय ६५,५३५ गुणिले ६५,५३५. तुम्ही विश्वास ठेवून जागा मागितली तर सुमारे ४२९ कोटी पिक्सेल, तीन रंगांचे मिळून १३ जीबीच्या आसपास. तुमच्या छोट्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम जॉबलाच मारून टाकेल, आणि लॉगमध्ये साधी एक ओळही नसेल. म्हणून ओपननंतर, लोडच्या आधी, मापं बघायची. पिलोची स्वतःची मर्यादा आहे: ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर गेलं की इशारा, त्याच्या दुपटीच्या वर थेट डीकम्प्रेशनबॉम्बएरर, म्हणजे लहान फाइलमध्ये अवाढव्य फोटो दडवून केलेला हल्ला असल्याचा संशय. बाजारात आता २०० मेगापिक्सेलचे फोन आहेत. कुणी पूर्ण रेझोल्यूशनवर फोटो काढला तर तो प्रामाणिक फोटोही दुपटीच्या वर जातो. त्यामुळे ही मर्यादा बंद करू नका आणि आहे तशीही सोडू नका. तुमच्या सर्व्हरच्या मेमरीकडे बघून आकडा ठरवा, आणि त्यावर गेलेल्या फोटोला ‘हल्ला’ न म्हणता ‘फार मोठा’ म्हणा. शून्य माप आलं तर अर्थात बाहेर. सी किंवा जावामध्ये लिहिणाऱ्यांनी रुंदी गुणिले उंची गुणिले चार हा गुणाकार ६४ बिटांत करावा. ३२ बिटांत तो गुंडाळला जाऊन लहान आकडा येतो आणि तपासणी खुशाल पास होते.

एक्सेप्शन कोणती पकडायची यात एक खाच आहे आणि ती तुमच्या पासपेक्षा धोकादायक आहे. पिलोचा अनआयडेंटिफाइडइमेजएरर हा ओएसएररचा (ऑपरेटिंग सिस्टिमकडच्या चुकांची जात) वारस आहे, आणि ‘इमेज फाइल इज ट्रंकेटेड’ हा तर सरळ ओएसएररच. डिस्क भरली, परवानगी नाही, एकाच वेळी फार फाइल उघड्या राहिल्या, नेटवर्कवरचं स्टोरेज तुटलं, हेही सगळे ओएसएररच. दोन्ही एकाच एक्सेप्टमध्ये पकडलेत तर ज्या रात्री तुमची डिस्क भरेल त्या रात्री हजारो चांगले फोटो ‘खराब’ म्हणून शिक्का घेऊन बसतील. उपाय साधा आहे, दोन पायऱ्या वेगळ्या करा. आधी पूर्ण फाइल मेमरीत वाचा. इथं आलेली कोणतीही चूक आपली, फाइलवर शिक्का मारायचा नाही, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न. मग मेमरीतल्या बाइटवरून, म्हणजे बाइट्सआयओमधून, उघडा. इथली चूक जवळपास नेहमी फाइलची. मेमरीएरर मात्र पुन्हा आपल्या खात्यात टाका. आणि पीएनजीच्या व्हेरिफायमधून सिंटॅक्सएरर येतो हे ऐकून दचकू नका, पिलोमध्ये तशी जुनी पद्धत आहे. व्हॅल्यूएरर, ईओएफएरर, स्ट्रक्टएरर हेही तिथूनच येतात. म्हणून दुसऱ्या पायरीवर मी एक्सेप्शन ही व्यापक जातच पकडतो. व्यापक पकडणं वाईट नसतं, पकडून गप्प बसणं वाईट असतं.

सांगाडा असा राहील. कुणी दुसऱ्या भाषेत लिहिणार असेल त्यालाही चालावा म्हणून मराठीतच मांडतो:

बाइट = फाइल_वाचा(पत्ता)  — इथं चूक आली तर: "आपली अडचण", पुन्हा रांगेत
बाइट रिकामे किंवा सगळी शून्यं → "रिकामी"
प्रकार = पहिल्या_बाइटवरून(बाइट)
प्रकार कळला नाही → "फोटो नाही" (पीडीएफ, एचटीएमएल कळलं तर तसं लिहा)
प्रकार कळला पण यादीत नाही → "फोटो आहे, आपल्याला उघडत नाही"
रुंदी, उंची = हेडर(बाइट)  — वाचता आलं नाही तर: "हेडर मोडलेलं"
माप शून्य किंवा मर्यादेबाहेर → "माप पटत नाही"
पिक्सेल = पूर्ण_उलगडा(बाइट)  — मध्येच तुटलं तर: "अर्धवट"
नाहीतर → "ठीक"

ही नावं डेटाबेसच्या एका रकान्यात जातात, सोबत फाइलचा आकार, शा-२५६ हॅश (फाइलच्या बाइटवरून निघणारा ठसा), पहिले १६ बाइट हेक्समध्ये आणि लायब्ररीचा मूळ संदेश. मूळ फाइल कधीही पुसायची नाही, अगदी ‘फोटो नाही’ असली तरी. कारण ‘आपल्याला उघडत नाही’वाल्या फाइल उद्या प्लगइन बसवल्यावर एका फेरीत पुन्हा चालवता येतात. ‘अर्धवट’ आणि ‘हेडर मोडलेलं’ यांना पुन्हा चालवून काही उपयोग नाही, त्यांच्यासाठी नवा फोटोच लागतो. ‘आपली अडचण’ मात्र आपोआप पुन्हा चालली पाहिजे. तिघांचा पुढचा रस्ता वेगळा आहे, म्हणूनच कारणं वेगळी ठेवायची. नाहीतर एक ‘फेल’ पुरलं असतं.

जॉबच्या शेवटी एक हिशेब: आलेले फोटो बरोबर ठीक अधिक बाकी सगळ्या कारणांची बेरीज. जुळलं नाही तर जॉबनं स्वतःला नापास म्हणून जाहीर करावं. तुमच्या पासनं गिळलेले फोटो या एका ओळीनं पहिल्याच रात्री सापडले असते. आणि पीडीएफमध्ये न उघडलेल्या फोटोची जागा रिकामी सोडू नका. तिथं चौकट काढून ‘फोटो अर्धवट आला, पुन्हा मागवला आहे’ असं छापा. वाचणाऱ्याला फोटो होता हे तरी कळतं.

ट्राय-एक्सेप्टच्या आवाक्याबाहेरची एक गोष्ट राहते. फोटो उलगडणारा खालचा कोड सीमधला असतो, आणि बिघडलेली फाइल त्याला क्रॅश करू शकते. मग पायथनमध्ये एक्सेप्शन येतच नाही, पूर्ण प्रोसेस जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी उलगडणाऱ्या लिबवेबपीमधली सीव्हीई-२०२३-४८६३ ही सुरक्षेची त्रुटी बाहेर आली तेव्हा ब्राउझरपासून सगळ्यांची धावपळ झाली होती. त्याआधी २०१६ मध्ये इमेजमॅजिक या फोटोंच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘इमेजट्रॅजिक’ त्रुटीनं नुसत्या अपलोडवरून सर्व्हरवर कमांड चालवता येते हे दाखवलं. म्हणून उलगडण्याचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये, मेमरी आणि वेळेची मर्यादा लावून. फाइल हातात घेण्याआधी तिच्या नोंदीवर ‘सुरू’ लिहा. प्रोसेस मेली तर नोंद ‘सुरू’वरच अडकलेली दिसेल. एकदा पुन्हा द्या, दुसऱ्यांदाही मेली तर बाजूला. पायथनच्या प्रोसेसपूलएक्झिक्युटरमध्ये (कामं वाटून घेणाऱ्या प्रोसेसच्या गटात) एक कामगार असा मेला की संपूर्ण पूल निकामी होतो, तो पुन्हा उभा करायची तजवीज ठेवा. इमेज.ओपनला फॉर्मॅट्सची यादी देता येते, तिथं जेपेग, पीएनजी, वेबपी आणि प्लगइन बसवलंत तर हाइफ, एवढंच लिहा. पिलोला येणारे बाकीचे डझनावारी जुने प्रकार तुमच्या सभासदांना लागत नाहीत, हल्ला करणाऱ्याला मात्र लागतात. एसव्हीजी तर घेऊच नका, ती मजकुराची फाइल आहे आणि तिच्यात स्क्रिप्ट बसते.

दुसऱ्या भाषांचं घाईघाईनं सांगतो, कारण तुमच्या अ‍ॅपचा काही भाग जावात असू शकतो. जावाचं इमेजआयओ.रीड प्रकार ओळखता आला नाही तर एक्सेप्शन देत नाही, नल देतं. एरर फार पुढं, भलत्याच ओळीवर नलपॉइंटर म्हणून दिसतो. ओपनसीव्हीचं आयएमरीडही तसंच, गुपचूप नन. पीएचपीचं गेटइमेजसाइज फॉल्स देतं. गोमध्ये इमेज/जेपेग हे पॅकेज इंपोर्ट करायचं राहिलं तर धडधाकट जेपेगलाही ‘अननोन फॉर्मॅट’ ऐकावं लागतं. आणि सीमध्ये लिबजेपेग सरळ वापरलंत तर तिचा मूळ एरर हँडलर एक्झिट म्हणतो, म्हणजे एका फोटोपायी पूर्ण प्रोग्रॅम बंद. तो हँडलर बदलणं पहिलं काम.

हेडर दुरुस्त करावं का? त्याच फोनच्या दुसऱ्या फोटोचं हेडर कापून बिघडलेल्या जेपेगला लावलं तर कधी कधी फोटो उघडतो, हे खरं आहे. रेझोल्यूशन आणि टेबलं जुळली तर. कुणाचा लग्नाचा अल्बम वाचवायचा असेल तर जरूर करा. नुकसानीच्या फोटोला हे आपोआप कधीच करू नका. दुसऱ्या फोटोची वेळ आणि जीपीएस त्या हेडरबरोबर येतात, आणि मग तुम्ही नकळत पुरावाच बदललेला असतो. याच कारणासाठी, लहान केलेली प्रत आणि मूळ फाइल वेगळ्या ठेवा. पुन्हा सेव्ह करताना एक्झिफ सहसा गळून पडतं. फोटो आडवा दिसू नये म्हणून लहान प्रत बनवताना इमेजऑप्स.एक्झिफ_ट्रान्सपोज चालवा, मूळ फाइलला हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे सर्व्हरवर होतच नाही. तपासणी फोनवर आणा. पाठवण्याआधी अ‍ॅपनं तीन गोष्टी कराव्यात: आकार शून्य नाही ना, पहिले बाइट ओळखीचे आहेत ना, आणि फोटो फोनवरच उलगडतो ना. अँड्रॉइड आणि आयफोन दोघांकडे हे करायची सोय आहे, आणि हाइक असेल तर तिथंच जेपेगची प्रत करता येते. मूळही सोबत पाठवा. मग फाइलचा हॅश सर्व्हरला कळवा. सर्व्हरनं फाइल तात्पुरत्या नावानं लिहावी, हॅश जुळला तरच खरं नाव द्यावं आणि ‘पोचला’ असं उत्तर द्यावं. जिंतूर-पूर्णेकडच्या एखाद्या शिवारात पावसात नेटवर्क येतं-जातं. अर्ध्यावर तुटलेला अपलोड तिथूनच पुढं सुरू होईल अशी सोय केलीत तर तुमच्या ‘अर्धवट’ रकान्यातली गर्दी झपाट्यानं कमी होईल. रात्रीचा जॉब तरीही वरची सगळी तपासणी करेलच, पण त्याच्या हाती फारसं काही लागू नये.

आणि संदेश. ‘इनव्हॅलिड इमेज हेडर’ हे वाक्य फोनच्या पडद्यावर दिसता कामा नये. ‘फोटो अर्धाच पोचला. रेंज आल्यावर आपोआप पुन्हा जाईल, फोटो डिलीट करू नका.’ ‘ही पीडीएफ आहे. इथं शेताचा फोटो लागतो, सातबारा पुढच्या पानावर जोडा.’ ‘हा फोटो पोचला आहे, पण आमच्याकडे उघडायला वेळ लागेल. तुम्हाला काही करायचं नाही.’ तिसऱ्या प्रकारचा संदेश लिहायला लोक विसरतात. न चालणाऱ्या फॉरमॅटची अडचण तुमची आहे, त्यासाठी शेतकऱ्याला चिखलातून परत पाठवू नका. रोज सकाळी गावनिहाय एक छोटी यादीही समन्वयकाकडे जाऊ द्या, फक्त ज्यांना नवा फोटो काढावा लागणार आहे त्यांची. बाकी कारणं त्याला दाखवू नका, तो घाबरून सगळ्यांनाच फोन लावेल.

चाचणीसाठी खराब फाइल शोधत फिरायची गरज नाही, एका चांगल्या जेपेगपासून डझनभर बनतात. शून्य बाइटवर कापा, दोनवर, दहावर, अर्ध्यावर, शेवटचे दोन बाइट सोडून. सगळी शून्यं भरा. नाव बदलून पीडीएफ द्या. मापाच्या जागी ६५,५३५ लिहा. यूटीएफ-८ मधून एकदा फिरवून आणा. शेवटी जास्तीचा कचरा चिकटवा, ही शेवटची ‘ठीक’च यायला हवी. पीएनजीसाठी विलेम व्हान स्काइक यांचा पीएनजीसूट हा संग्रह आहे, त्यात एक्स अक्षरानं सुरू होणाऱ्या फाइल मुद्दाम बिघडवलेल्या आहेत. चाचणीत ‘एक्सेप्शन आलं नाही’ एवढं तपासू नका, प्रत्येक फाइलला नेमकं ठरलेलं कारण मिळालं का ते तपासा. पिलोची आवृत्ती बदलली की कारणं इकडची तिकडं होतात, ते इथंच पकडलं जातं. प्रत्यक्षात आलेली नवी खराब फाइल टेस्टमध्ये ठेवायची असेल तर ती तशीच उचलून गिटमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) टाकू नका, एक्झिफमध्ये कुणाच्या तरी शेताचं जीपीएस असतं. बिघाड कसा झालाय ते समजून घ्या आणि तोच बिघाड स्वतः काढलेल्या फोटोवर करून ती फाइल ठेवा.